खुर्चीखाली सरकवलेली पिशवी

ते ताक नव्हतं.

दिसत मात्र ताकासारखंच होतं. काचेच्या गोल भांड्यात पांढरंशुभ्र, जरा घट्टसर, वर बारीक चिरलेलं हिरवं काहीतरी तरंगतंय, शेजारी छोटी पळी. आता अशा वस्तूला कोथरूडच्या माणसाने दुसरं काय समजायचं? मी पेल्यात तीन पळ्या ओतून घेतल्या आणि तिथेच उभ्याने एक मोठा घोट घेतला. तेल, मोहरी, साखर आणि व्हिनेगर यांचं घशात भांडण सुरू झालं.

“ते सॅलडवर घालायचं असतं,” मागून आवाज आला.

मागे कोट घातलेले एक गृहस्थ हातात रिकामी बशी घेऊन उभे होते. वय माझ्याएवढंच, पंचावन्नच्या आसपास. मराठी स्वच्छ, आवाज कोरडा.

“हो, माहितीये,” मी म्हणालो. आणि माहीत होतं हे सिद्ध करायला उरलेलं सगळं पिऊन टाकलं.

इथपर्यंतची गोष्ट मी घरोघरी सांगितलेली आहे. विमानतळावरचं लाउंज, तिथलं फुकटचं खाणं आणि माझी फजिती. लोक हसतात, मीही हसतो. बायको तेवढी हसत नाही. ती ‘चहा टाकते’ म्हणून आत जाते. कारण पुढचं तिला माहीत आहे, आणि पुढचं मी कुणाला सांगत नाही. आज सांगतो.

लेक दिल्लीला असते. तिच्याकडे आम्ही दोघं निघालो होतो. निघायच्या पंधरा दिवस आधी जावयांचा फोन आला. “बाबा, तुमच्या बँकेच्या कार्डावर लाउंज आहे. फुकट. हवं तेवढं खा.” फुकट आणि हवं तेवढं, हे दोन शब्द एकाच वाक्यात मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. पंधरा दिवस माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतं. लग्नाच्या हॉलमध्ये असतात तशी झाकणांची मोठमोठी चकचकीत भांडी, आणि अहेराचं पाकीट न देता जेवणारा मी.

“मग डबा करू की नको?” बायकोने विचारलं.

आता खरं उत्तर ‘नको’ असं होतं. पण गेल्या तीस वर्षांत आमच्या घरातून प्रवासाला निघालेल्या माणसाने डबा नको म्हटलेलं नाही. त्यासाठी जे धैर्य लागतं ते माझ्याकडे नाही. “कर की,” मी म्हणालो, “विमानात लागेल.”

तर ती पहाटे चारला उठली. दुधातल्या दशम्या केल्या, बटाट्याची सुकी भाजी केली, आणि लसूण-खोबऱ्याची चटणी कुटली. मिक्सरमध्ये नाही, खलबत्त्यात. तिचं म्हणणं, मिक्सरमधली चटणी प्रवासात रागावते. ती आत कुटत होती तेव्हा मी बाहेर बसून बुटांना पॉलिश करत होतो. लाउंजमध्ये जायचं होतं ना. दोनदा ब्रश मारला. खालच्या मजल्यावरचे लोक त्या दिवशी नक्की कशाने उठले, चटणीच्या ठोक्यांनी की माझ्या ब्रशने, हे मला ठाऊक नाही.

आता पिशवीचं सांगायला हवं.

आमच्या घरात प्रवासाची कामं वाटलेली आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात मी पुणे स्टेशनावर टीसीच्या हातात तिकिटाऐवजी किराणा मालाची यादी दिली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि ‘साबुदाणा अर्धा किलो’पाशी थांबून माझ्या बायकोकडे दयेने पाहिलं. त्या दिवसापासून तिकिटं, ओळखपत्रं, चष्मे आणि किल्ल्या तिच्याकडे. माझा मोबाइलसुद्धा प्रवासात तिच्याच पर्समध्ये असतो, कारण तपासणीच्या ट्रेमध्ये मी तो दोनदा विसरलेलो आहे. माझ्याकडे एकच गोष्ट सोपवली गेली, जी मी विसरणं शक्य नाही अशी तिची खात्री होती. खाण्याची पिशवी. जाड मांजरपाटाची पांढरी पिशवी, तिने स्वतः मशीनवर शिवलेली, आत डब्याला वेगळा आणि चमच्यांना वेगळा कप्पा. ती पिशवी माझ्या खांद्यावरून उतरायची ती फक्त जेवायला. तीस वर्षांत मी ती कुठेही विसरलो नाही. माझ्या नावावर जमा असलेल्या मोजक्या गुणांपैकी हा एक.

विमान बाराचं होतं म्हणून आम्ही घर सातला सोडलं. बायकोच्या हिशेबात कर्वे रोडचे सिग्नल, रिक्षा बंद पडणं, रिक्षावाल्याचं मन बदलणं, हे सगळं धरलेलं असतं. त्यातलं काहीच झालं नाही. तपासणी वगैरे आटोपून नऊच्या आत आम्ही आत. बायकोने खुर्चीत बसून बाटली काढली आणि गोळी घेतली.

ही गोळी साखरेची. म्हणजे साखरेच्या दुखण्यावरची. घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न जायलाच हवं, नाहीतर साखर एकदम खाली येते. हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे मी ते पाहिलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी कोथरूडमध्ये भाजी घेताना ती बोलता बोलता थांबली, घामाने भिजली आणि भाजीवाल्याच्या पोत्यावर बसली. तिला माझं नाव आठवेना. तेव्हापासून ती एका छोट्या डबीत खडीसाखर जवळ ठेवते, आणि तेव्हापासून मला वाटतं की आपण फार काळजी घेणारे आहोत.

“साडेनऊला खायचं मला,” ती म्हणाली.

“आधी वर जाऊन तर बघू.”

लाउंज वरच्या मजल्यावर. सरकत्या जिन्याने आम्ही वर गेलो. काउंटरवरच्या मुलीने कार्ड घेतलं, यंत्रात घातलं आणि गोड हसून म्हणाली, “सर, यावर फक्त तुम्हालाच एंट्री. मॅडमचं वेगळं पेमेंट करावं लागेल.”

इथे मी खिशात हात घालायला हवा होता. घातला नाही. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे, मग आतल्या झाकणांच्या भांड्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“मला नको,” ती म्हणाली. “डबा आहे आपला. पण तुमचा पंधरा दिवस जीव अडकलाय त्यात. या बघून.”

ती ‘नको’ म्हणाली ते मी जरा जास्तच चटकन ऐकलं.

“दहा मिनिटांत आलो,” मी म्हणालो. “नुसतं बघतो. मग दोघं मिळून डबा खाऊ.”

ती दोन्ही बॅगा ओढत जिन्याने खाली गेली. मी आत गेलो. खांद्यावर पिशवी होती. तीस वर्षांची सवय. तिच्याही मनात आलं नाही, माझ्याही नाही.

आता खाण्याबद्दल. मी पुण्याचा आहे, त्यामुळे फुकटच्या खाण्याला नावं ठेवण्याचा हक्क मी सोडणार नाही.

पोहे होते. पिवळे होते एवढंच त्यांचं पोह्यांशी नातं. खोबरं नाही, लिंबू नाही, एकेक दाणा दुसऱ्याशी अबोला धरून बसलेला. उपमा झाकणाखाली इतका वेळ वाफाळत होता की तो आता वड्या पाडण्याच्या अवस्थेला आला होता. इडल्या कोटाच्या बटणांएवढ्या. सांबार गोड. सगळ्या भाज्यांत पनीर, आणि सगळ्या पनीरला एकच चव, ती म्हणजे कुठलीच नाही. ब्रेडचे काप एका सरकत्या जाळीवर ठेवायचे, ते पलीकडून भाजून पडतात. माझे दोन पडलेच नाहीत. आत कुठेतरी वस्तीला राहिले. एका बाजूला काचेच्या छोट्या छोट्या वाट्यांत गुलाबजाम, केकचे तुकडे, आणखी काहीबाही. सगळं दिसायला असं नेटकं की कुणाच्या घरी चुकूनही असं दिसणार नाही.

माणसं मात्र चव घेताना दिसत नव्हती. एका हाताने खात होती, दुसऱ्या हाताने फोन. कुणी कुणाला ‘हे बघा घेऊन’ म्हणत नव्हतं. वाढणारं कुणी नाही, आग्रह नाही. म्हणजे नको म्हणायचं सुखही नाही. आणि तरीही मी बशी भरली. वर उपम्याची वडी ठेवली आणि तिच्यावर इडली. चवीशी माझं काही देणंघेणं नव्हतं. जे आहे ते सगळं आपल्या बशीत आलं पाहिजे, एवढीच भावना. मग ते ताक झालं.

त्या फजितीनंतर मला लवकर बसायचं होतं, कोपऱ्यात. बसलो. पिशवी पायाशी ठेवली. दोन मिनिटांनी ते कोटवाले गृहस्थ बशी घेऊन आले आणि जागा नसल्यामुळे माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसले. बुटांकडे माझं लक्ष गेलं. त्यांचे माझ्याइतके चकचकीत नव्हते. तेवढाच आधार.

त्यांनी एक घास खाल्ला आणि मान वर केली.

“वास येतोय का तुम्हाला?”

“कसला?”

“लसणाचा. चटणी असावी. कुटलेली.”

वास अर्थातच येत होता. सकाळपासून डब्यात कोंडलेली ती चटणी आता सांगून सवरून बाहेर येत होती. ‘आमची आहे, बायकोने पहाटे कुटलीय,’ असं सरळ म्हणता आलं असतं. पण पाच मिनिटांपूर्वी या माणसाने मला सॅलडचं पाणी पिताना पाहिलं होतं. आता त्याच माणसाला, फुकटच्या लाउंजमध्येही मी घरचा डबा घेऊन आलोय, हे सांगायचं? माझ्या चकचकीत बुटांना ते पटेना.

“कुणीतरी आणला असेल डबा,” मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, “लोकांना कळत नाही हो, कुठे काय आणावं.”

हे म्हणत असताना माझा उजवा पाय आपल्या आपण हलला. टाचेने मी पिशवी मागे ढकलली, खुर्चीखाली, अगदी भिंतीपर्यंत.

आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला, अन्नाला पाय लागला, की वाकून हात लावून कपाळाला लावायचा. लहानपणापासून हे इतकं अंगात मुरलेलं की अंधारात वर्तमानपत्रावर पाय पडला तरी माझा हात कपाळाकडे जातो. त्या दिवशी गेला नाही. हातात काटा होता आणि काट्याला इडली होती.

गृहस्थांनी उपम्याची वडी बाजूला सारली. “इथलं काही घशाखाली उतरत नाही,” ते म्हणाले. “महिन्यातून चारदा येतो मी. आत्ता कुणी ती चटणी आणि पोळीचा तुकडा दिला असता ना, तर हे सगळं त्याला देऊन टाकलं असतं.”

मी काटा खाली ठेवला.

“कोण असेल?” त्यांनी नजर फिरवायला सुरुवात केली. “त्या तिकडच्या बाई?”

मग मलाही बघावं लागलं. “असतील,” मी म्हणालो.

“की तो टोपीवाला?”

“तोही असेल.”

आम्ही दोघं मिळून माझी पिशवी शोधत होतो.

समोर विमानांच्या वेळा दाखवणारा मोठा पडदा होता आणि त्याच्या कोपऱ्यात घड्याळ. नऊ वाजून वीस मिनिटं. उठायला हवं होतं. पण उठायचं म्हणजे खुर्चीखाली वाकून ती पिशवी बाहेर काढायची, आणि ती काढली की वास आणि मी असे दोघंही एकदमच उघडे पडणार. हे गृहस्थ उठेपर्यंत थांबू, मी ठरवलं. त्यांना काही घाई दिसेना. त्यांचं विमान अकराचं. ते मला सांगू लागले, पूर्वी प्रवासात लोक डबे कसे उघडायचे, शेजाऱ्याला कसं विचारायचे, आता कसं कुणी कुणाला विचारत नाही. मी मान डोलावत होतो. टाचेमागे भिंतीशी तो डबा होता, ज्यातून आत्ता या माणसाला विचारता आलं असतं.

साडेनऊ झाले.

मी उठलो. पण पिशवीसाठी नाही. पुन्हा भांड्यांकडे गेलो, की मी परत येईपर्यंत ते जातील. परत आलो तर ते तिथेच. मग पुन्हा गेलो. प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने येणं बरं दिसत नाही म्हणून एकेक वाटी घेऊन येत होतो. खाली गोळी घेतलेली माझी बायको वाट बघत होती आणि वर मी तिसरा गुलाबजाम खात होतो. गुलाबजाम बरा होता, हे सांगायला मला आजही लाज वाटते.

‘तिच्या पर्समध्ये खडीसाखर असते,’ मी स्वतःला सांगितलं. ‘घेईल ती एखादा खडा.’ जरा बरं वाटलं. ऐसपैस बसण्यासाठी पाय मागे घेतले, तर टाच पिशवीला लागली आणि आत काहीतरी खुळखुळलं.

चमचे तसे वाजत नाहीत. ती डबी होती. तेव्हा मला आठवलं, सकाळी ती म्हणाली होती, पर्समध्ये तिकिटांनी आणि दोन दोन फोनांनी जागाच उरली नाही, खडीसाखर तुमच्या पिशवीत टाकते हो. मी ब्रश मारत ‘हं’ म्हणालो होतो.

म्हणजे खाली तिच्याजवळ काहीच नव्हतं. डबा नाही, डबी नाही आणि माझा फोनही तिच्याच पर्समध्ये.

एवढं कळल्यावर माणूस काय करतो? उठून पळतो. मीही पळालो असं सांगायला मला आवडलं असतं. खरं असं की मी त्यानंतरही बसून राहिलो. घड्याळात नऊ अडतीस दिसत होते ते चव्वेचाळीस होईपर्यंत. सहा मिनिटं. शेजारचा एक अनोळखी माणूस मला काय म्हणेल, या एका गोष्टीसाठी सहा मिनिटं.

शेवटी ते कॉफी आणायला उठले. मी गुडघ्यांवर बसून खुर्चीखालून पिशवी ओढली आणि निघालो. कॉफीचं यंत्र दाराशीच होतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या शेजारूनच जावं लागलं. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग नाकाने एक श्वास घेतला.

“तरी म्हटलं,” ते म्हणाले, “ताक पिणाऱ्याकडेच चटणी असणार.”

मी तसाच दाराबाहेर पडलो. निदान डबा उघडून चिमूटभर चटणी त्यांच्या बशीत घालायला हवी होती, तेही सुचलं नाही.

सरकत्या जिन्यावर उभा राहिलो. पुढे माणसं, पळता येईना. तेव्हा मला एकदम तो पाय आठवला. मी दोन्ही हातांनी पिशवी उचलली आणि कपाळाला लावली. एकदा लावून समाधान होईना म्हणून पुन्हा लावली. जिना आपला मला शांतपणे खाली उतरवत होता.

बायको खुर्चीत मागे टेकून बसली होती. चेहरा पांढरा, कपाळावर केस चिकटलेले. तिच्या शेजारी डोक्यावरून ओढणी घेतलेल्या साठीच्या एक बाई बसल्या होत्या. एका हाताने त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हातात खजुराचा डबा होता. बायकोच्या मांडीवर रुमालात चार बिया होत्या.

“आलात?” बायको म्हणाली. आवाज बारीक, पण तिचाच. “काय काय होतं आत?”

“तुझं... कसं वाटतंय?”

“आता बऱ्या आहेत त्या,” त्या बाई म्हणाल्या. “बसा तुम्ही. आमच्या घरीपण आहे ही साखर, मला हातावरूनच कळतं. गार पडलेला हात. म्हटलं, ताई, काही खाल्लंय का? तर म्हणतात, आमचे हे डबा घेऊन येतीलच दहा मिनिटांत.”

मी मान खाली घातली.

“फोन लावला त्यांनी तुम्हाला,” त्या सांगत होत्या, “तर ह्यांचीच पर्स वाजायला लागली. मी म्हटलं, फोन राहू द्या, आधी खजूर खा.” त्या भवानी पेठेतल्या. मुलाकडे दिल्लीला निघाल्या होत्या, आमच्याच विमानाने. “उठून दुकानात जाते म्हणाल्या, मीच उठू दिलं नाही. पडल्या असत्या. मग तो जिना बघत बसलो आम्ही दोघी. तेवढ्यात मी म्हटलं, ताई, ते बघा, पिशवीला नमस्कार करत करत कुणीतरी येतंय. तर म्हणाल्या, तेच आमचे.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्या नजरेचे बरेच प्रकार मी शिकलोय. हा नवा होता.

“इतका वेळ का लागला?” तिने विचारलं.

“गर्दी होती,” मी म्हणालो.

तिने पिशवी मांडीवर घेतली, डबा काढला. हात अजून थरथरत होता, म्हणून झाकण मी उघडलं. पहिली दशमी तिने चटणी लावून त्या बाईंना दिली. त्यांनी ‘अहो तुम्ही आधी’ म्हटलं, हिने ‘तुम्ही आधी’ म्हटलं, आणि वरच्या मजल्यावर जे मला कुठे दिसलं नव्हतं ते इथे, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत, सुरू झालं. शेवटी दोघींनी अर्धी अर्धी केली.

“लसूण कच्चाच घेता की भाजून?” बाईंनी विचारलं.

“कच्चा. पण खोबरं भाजून.”

“म्हणून असा वास येतोय. आम्ही तीळ घालतो थोडे.”

“तीळ? घालून बघते.”

मी बघत होतो. तिच्या ओठांवर हळूहळू रंग येत होता. असा रंग परत येताना मी त्याच्याआधी एकदाच पाहिला होता, भाजीवाल्याच्या पोत्यावर.

मग तिने दोन दशम्या एकावर एक ठेवल्या, भाजी घातली, चटणी घातली, आणि माझ्यापुढे धरल्या.

“घ्या. दहा मिनिटांत असं कितीसं खाल्लं असणार तुम्ही.”

माझ्या पोटात उपमा होता, दहा बटणं इडल्या होत्या, तीन गुलाबजाम होते आणि त्या सगळ्यावर सॅलडचं पाणी होतं. मी दोन्ही दशम्या खाल्ल्या. शेवटचा तुकडा गिळताना डोळ्यांत पाणी आलं.

“चटणी तिखट झालीये का?” बायकोने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “चांगली झालीये.”

विमानात तिने डोळे मिटले आणि मी दोन तास तिचा हात धरून बसलो, हातावरून कळतं का ते बघत. मला काही कळलं नाही. त्या भवानी पेठेतल्या बाई दोन रांगा पुढे होत्या. त्या अधूनमधून मागे वळून हिच्याकडे बघत. माझ्याकडे बघून त्यांनी एकदाच मान हलवली, लहान मुलाला ‘असू दे’ म्हणतात तशी.

दिल्लीला पोचल्यावर लेकीने पहिला प्रश्न विचारला, “बाबा, लाउंज कसं होतं?” मी ताकाची गोष्ट सांगितली. जावई हसून हसून खोकले. बायको उठून आत गेली.

संध्याकाळी ती गच्चीत बसून पिशवी धूत होती. प्रवासाहून आलं की पिशवी त्याच दिवशी धुवायची, हाही तिचाच नियम. मी शेजारी जाऊन स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. गर्दी नव्हती, हे सांगितलं. कोटवाले गृहस्थ सांगितले, त्यांना लागलेली भूक सांगितली, आणि ‘लोकांना कळत नाही’ हे माझं वाक्यसुद्धा जसंच्या तसं सांगितलं. तिसऱ्या गुलाबजामापर्यंत आलो. डबी वाजल्यानंतरची सहा मिनिटंही सांगितली. एकच गोष्ट ठेवली. पाय. ते वाक्य जिभेवर येईना. पहाटे चारला उठून केलेलं तिचं अन्न मी बुटाने ढकललं, हे तिच्या तोंडावर कसं सांगणार? म्हटलं, हे एवढं आपलं आपल्याजवळ राहू दे.

ती पिशवीच्या खालच्या कोपऱ्यात एकाच जागी साबण लावून चोळत होती. पाणी घालायची, उजेडात धरून बघायची, पुन्हा साबण लावायची. मी नीट पाहिलं. पांढऱ्या मांजरपाटावर टाचेच्या आकाराचा काळा अर्धा गोल होता. सकाळी दोनदा ब्रश मारलेलं पॉलिश. ते काही निघत नव्हतं.

तिने पिशवी पिळली, झटकली आणि डाग बाहेरच्या बाजूला येईल अशी दोरीवर वाळत घातली. दोन चिमटे लावले. मग ओले हात पदराला पुसत आत जाता जाता म्हणाली,

“पुढच्या वेळी त्या लाउंजमध्ये जाल ना, तेव्हा बूट बाहेर काढून जा.”